मूठ झोपेत उघडते, जागेपणी का नाही?

बर्फाचा_टेम्पो (हर्णै)

नमस्कार. मी हर्णै बंदरावर टेम्पो चालवतो. पहाटे बर्फ आणायचा, लिलाव झाला की मासळी न्यायची. शिक्षण बारावी, तेव्हा शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

मुलगा एकोणीस महिन्यांचा आहे. जुलैत, भर पावसात, एकोणतिसाव्या आठवड्यातच झाला. वजन १ किलो १५० ग्रॅम. माझ्या पंजात मावला असता, पण हातात कोणी दिलाच नाही. ४८ दिवस काचेच्या पेटीत होता. चौथ्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाले, मेंदूत उजव्या बाजूला रक्तस्राव झालाय, पुढे बघू. तेव्हा तो श्वास घेतोय याचंच अप्रूप होतं. आता ते ‘पुढे’ आलंय.

सात महिन्यांचा असताना सगळं उजव्या हातानेच घ्यायचा. आमच्या घरात डावरे पुष्कळ. आई वाडीभर सांगत सुटली, हा तरी उजवा निघाला! आम्ही पण हसलो. नंतर लक्षात आलं की डावी मूठ कायम आवळलेली असते, अंगठा आत. डाव्या पायाची टाच टेकत नाही. खाटेला धरून उभा राहतो, चार पावलं बाजूला सरकतो. बोलतो बऱ्यापैकी. आई, बाबा, बोट. मासा दिसला की ‘माश्शी’.

आता माझं कोडं. रात्री मी घरी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. डावा हात बघतो तर मूठ उघडी! पाची बोटं सैल, ओल्या बोंबलासारखी. मधे माझं बोट ठेवलं तरी तशीच. सकाळी उठला, खेळणं दाखवलं, की परत आवळली. खेळणं जितकं जास्त हवं, तितकी मूठ घट्ट. म्हणजे हाताला काही झालेलं नाही, बरोबर? मग अडलंय कुठे?

आणखी एक. उजव्या हातात बिस्कीट धरलं की डाव्या हाताची बोटंही तशीच हलतात, रिकामीच. जसं काही दुसरं बिस्कीट तिथे आहे.

आई म्हणते तेल लाव. शेजारच्या गावात एक जण ‘नस मोकळी’ करून देतो. व्हॉट्सॲपवर कोणी स्टेम सेलच्या इंजेक्शनची जाहिरात पाठवली, तीन लाख सांगतात. भाऊ म्हणतो होडी विकू. बायको स्वतःलाच दोष देते. सातव्या महिन्यात विहिरीवरून हंडा आणला म्हणून हे झालं, असं तिच्या डोक्यात कोणीतरी भरवलंय. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळालीय, पण तीन आठवड्यांनी. तोवर काय करू?

सुपारीवाडी

घाबरू नका. नारळाचं तेल कोमट करून रोज चोळा आणि कोवळ्या उन्हात बसवा. माझा पुतण्या अडीच वर्षांनी चालला. आता कबड्डी खेळतो, घरात टिकत नाही.

जुना_लाईनमन (दापोली तालुका)

सुपारीवाडी, तुमच्या पुतण्याला उशीर झाला असेल. पण एकाच बाजूची मूठ आवळलेली राहते, त्याला उशीर म्हणत नाहीत. तेल लावा, त्यात पाप नाही, पण तेल लावून वाट बघत बसू नका.

टेम्पोवाल्या, माझा मुलगा तुझ्या वयाचा असेल म्हणून अरे-तुरे करतो. डॉक्टर मी नाही. पण जे तुझ्या बाळाला सांगता येत नाही ते मी आतून बघितलंय, म्हणून लिहितो. लांबेल, टेम्पोत बसून वाच.

३१ वर्षं लाईनमन होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला. उचलायला गेलो तर उजवा हात जागचा हलेना. वाटलं, कुशीवर झोपलो म्हणून मुंग्या आल्या असतील. चहा घेतला, तो ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर. एवढं होऊन मी शहाणा दीड तास ओटीवर बसून राहिलो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, हे मागाहून कळलं. आपल्या घरापासून सीटी स्कॅनच्या मशीनपर्यंतचा रस्ता तुला माहीतच आहे. वेळ गेली. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला, गेला उजवा हात-पाय. मेंदूतून येणाऱ्या दहातल्या साधारण नऊ तारा मानेच्या वर, मेंदूच्या देठापाशी बाजू बदलतात. तुझ्या बाळाला रक्तस्राव उजवीकडे आणि हात डावा, तो त्यामुळेच.

पहिले तीन आठवडे हात मेलेला. दगड बांधलेलं पडवळ मांडवाला लोंबतं तसा. मग हळूहळू तो आवळायला लागला. कोपर दुमडलं, मूठ बंद. घरातले खूश, हातात जीव आला म्हणून. मीही खूश. चार दिवसांत कळलं की हा जीव माझ्या ताब्यातला नाही. खाज सुटली, शिंक आली, नातीने ‘आबा’ म्हणून हाक मारली, की मूठ आणखी घट्ट.

इथे माझं लाईनमनचं डोकं अडलं. तार तुटली तर दिवा विझतो. माझी तार तुटली म्हणता, मग दिवा विझायच्या ऐवजी भगभगायला कसा लागला? चिपळूणला फिजिओताई होत्या, त्यांना हेच विचारलं. त्यांनी हातोडी घेऊन माझ्या दोन्ही गुडघ्यांखाली मारली. डावा पाय जरासा उडाला, उजवा ताडकन. म्हणाल्या, काका, या उडण्याला मेंदू लागत नाही. स्नायू ताणला गेला की त्याची वर्दी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाते आणि ‘आवळ’ असा हुकूम तिथूनच परत येतो. मेंदू वरून सारखं त्याला दाबत असतो. एवढं नको, पुरे, थांब. वरची लाईन तुटली की ‘कर’ म्हणणारा जातो, आणि ‘नको’ म्हणणाराही जातो.

मी म्हटलं, ताई, हा तर बॅकफीड!

खात्याबाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. आपण सप्लाय बंद करून, खात्री करून खांबावर चढतो. आणि खालच्या वाडीत कोणीतरी जनरेटर थेट घराच्या वायरिंगला जोडून ठेवलेला असतो. मुख्य लाईन मेलेली, पण तार जिवंत, आणि कोणाच्याच ताब्यात नाही. या बॅकफीडने माणसं गेलेली आहेत. माझ्या आणि तुझ्या पोराच्या मुठीत तोच खालचा जनरेटर चाललाय. झोपेत तो मंदावतो म्हणून बोटं बोंबील होतात. जागा झाला, उत्साह आला, की परत सुरू. त्याला खेळणं जितकं हवं असतं तितकी मूठ आवळते ती यामुळे. हट्टाने करत नाही तो. एवढं घरातल्या सगळ्यांना बजावून सांग, कारण मला माझ्या सख्ख्या भावाने सांगितलं होतं की तू मनावर घेत नाहीस.

बिस्किटाचं मात्र मला माझ्या अंगावरून माहीत नाही, माझ्यात तसं होत नाही. पण तू लिहिलंस ते वाचून मला निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. दापोली-मंडणगडात खांब काड्यांसारखे मोडले होते. आमची लाईन उभी राहीपर्यंत काही वाड्यांना आम्ही पलीकडच्या फीडरवरून, म्हणजे दुसऱ्या भागाच्या मुख्य लाईनवरून, सप्लाय दिला. दिवे लागले. पण मिणमिणते, आणि तिकडे लोड वाढला की इकडचे दिवेही लवायचे. तुझ्या मुलाचे दोन्ही हात एकाच बाजूच्या मेंदूवर चालत असतील का? ताई इथे असतात, त्या सांगतील.

आता काय कर ते. दोन-चार महिने मी निव्वळ व्यायाम केला. हात वर, हात खाली, मऊ चेंडू दाब. कंटाळा यायचा, फरक नखाएवढा. मग मे उजाडला. बायको ओटीवर रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली घेऊन बसली होती. ताईंनी सांगूनच ठेवलं होतं, हाताला व्यायाम देऊ नका, काम द्या. मी पाट ओढला आणि समोर बसलो.

डाव्या हातात सुरी, उजव्यात रातांबा. पिकलेला रातांबा धरायचा म्हणजे अंड्यासारखा धरावा लागतो. माझ्या मुठीला दोनच गती, बंद आणि आणखी बंद. पहिलाच फुटला. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत, बिया मांडीवर. आणि तो फुटलेला रातांबा टाकता येईना! पकडणं जमत होतं, सोडणं जमत नव्हतं. कोणी तरी बोटं ओढून उघडायला गेलं की ती जास्त आवळतात. मग सापडलं की पाटाच्या कडेवर मनगट ठेवून तळवा खाली वाकू दिला की बोटं आपसूक थोडी सैल होतात. वाट बघायची, दहा मोजायचे, रातांबा पडतो. तुझ्या पोराची मूठ उघडताना बोटं कधीच ओढू नकोस. मनगट हलकेच वाकव आणि अंगठा मुळापासून, तळव्याकडून बाहेर काढ.

पहिल्या दिवशी १७ रातांबे झाले. मोजले, खात्याची सवय. त्यातले ११ चिरडले. बायको म्हणाली, सोलं (वाळवलेल्या साली) राहू द्या, तुमच्या हातून यंदा आगळच (नुसता रस) होणार. हंगाम संपेपर्यंत रोजचे दीडशे व्हायला लागले. कितीदा तरी वाटायचं की नुसतं डोळ्यांनी रातांब्याकडे बघून हात आपला आपण जरा कमी आवळतोय. पाऊस सुरू झाला तेव्हा सदऱ्याची बटणं मला लावता येत होती. वरचं सोडून. ते अजून बायकोच लावते.

तेल चोळून घ्यायला मला बरं वाटायचं, नाही म्हणत नाही. पण चोळताना काम दुसऱ्याचा हात करतो, माझा मेंदू आपला पडून. रातांबा धरताना दर वेळी चुकतं, चुकलेलं रसावरून दिसतं, आणि पुढच्या वेळी जरा बदल होतो. त्या ‘नस मोकळी’वाल्याकडे जाऊ नकोस. नस बांधलेलीच नाहीये, तो काय मोकळी करणार?

वेंगुर्ल्याची_वहिनी

माझ्या सासूक दोन वर्सांपूर्वी अर्धांगवायू झालो. उजवो हात काय्येक हलणा नाय. पण जांभय इली की तोच हात आपोआप छातीपर्यंत वर येता! पयल्यांदा बघलंय तेव्हा मी देवाक नारळ ठेवलंय. डॉक्टर बोल्लो, असा होता काय जणांक. पण कशाक होता ता काय सांगल्यान नाय. कोणाक म्हायती आसा?

फिजिओ_ताई (चिपळूण)

काका, रातांब्यांची गोष्ट मी आता प्रत्येक पेशंटला सांगते, तुमचं नाव न घेता.

आधी दादांच्या घरातला मुद्दा. वहिनींना सांगा, हंडा उचलल्याने बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही. गर्भात २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान मेंदूच्या आतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी तयार होण्याची जागा असते. तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक, आधार नसलेल्या. बाळ लवकर बाहेर आलं की श्वास आणि रक्तदाब वरखाली होतो आणि त्या फुटतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच. म्हणजे हे पेटीतल्या दिवसांत घडलेलं आहे, विहिरीवर घडलेलं नाही. वेळेआधीचा जन्म, अवघड बाळंतपण आणि पुढे हातपाय आखडणं यांचा संबंध लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ मध्येच मांडला. त्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणी पोलिओने वाकडा झालेला होता. तेव्हापासून दीडशेच्या वर वर्षं झाली, आणि आजही आपल्याकडे आईच्या हंड्यावर खापर फुटतं. असो.

त्या पोकळीला लागूनच मेंदूतून हाता-पायांकडे जाणाऱ्या तारा खाली उतरतात. पायांच्या सगळ्यांत जवळून, हातांच्या जरा लांबून. म्हणून वेळेआधी जन्मलेल्या मुलांत पुष्कळदा दोन्ही पाय आखडतात आणि हात बरे असतात. रक्तस्राव एका बाजूला होऊन शेजारच्या भागाचंही नुकसान झालं, की एका बाजूचा हात आणि पाय दोन्ही सापडतात. तुमच्या मुलाचं वर्णन तसं वाटतं. तपासल्याशिवाय नाव देणार नाही, पण डॉक्टरांकडून ‘सीपी’ (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालीत आलेला दोष) हा शब्द आला तर दचकू नका. एका बाजूचा सीपी असलेली बहुतेक मुलं चालतात.

त्याचं वय मोजताना अकरा आठवडे वजा करा. म्हणजे तो आत्ता साधारण साडेसोळा महिन्यांचा धरायचा. दोन वर्षांचा होईपर्यंत असंच मोजतात. आणि आजींना टोमणा म्हणून नव्हे, पण इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. वर्षाच्या आत बाळ ठामपणे एकच हात वापरायला लागलं तर कौतुक करू नका, दाखवून आणा. डावरं-उजवं त्या वयात ठरलेलं नसतं. दुसरा हात मागे पडतोय, याची ती बहुतेक वेळा पहिली खूण असते.

आता बिस्कीट. काका, तुमचा फीडर जवळजवळ बरोबर, फक्त एक दुरुस्ती. वादळानंतर तुम्ही नवी जोडणी केलीत. बाळात ती जोडणी आधीपासूनच असते. जन्माच्या वेळी मेंदूची प्रत्येक बाजू दोन्ही हातांना तारा पाठवते. मग पहिल्या दीड-दोन वर्षांत त्यांच्यात रस्सीखेच चालते. विरुद्ध बाजूच्या हाताकडे जाणाऱ्या तारा वापराने बळकट होतात, त्याच बाजूच्या हाताकडे जाणाऱ्या मागे हटतात. एका बाजूला इजा झाली तर तिच्या तारा या खेचाखेचीत कमी पडतात आणि चांगली बाजू दोन्ही हातांचा ताबा धरून ठेवते. एकच हुकूम दोन्हीकडे पोचतो. म्हणून बिस्कीट उजवीकडे आणि बोटं डावीकडेही हलतात. ही रस्सीखेच अजून पूर्ण संपलेली नसेल, म्हणून मी ‘तीन आठवडे वाट बघा’ असं म्हणणार नाही. आजपासून सुरू करा.

आणि एक फरक लक्षात ठेवा. काकांना हात काय करतो हे छप्पन्न वर्षं ठाऊक होतं. बाळाला ते कधी कळलेलंच नाही. त्याच्या हिशेबात डावा हात म्हणजे खांद्याला चिकटलेलं काहीतरी. उजव्याने सगळं होतंय, मग तो कशाला विचारेल? त्यामुळे डाव्याला काम मिळेल असा खेळ आपण मांडायचा. एक मोठा हलका चेंडू, जो एका हातात मावतच नाही. चुरमुऱ्यांचा बंद डबा, एकाने धरल्याशिवाय दुसऱ्याने उघडत नाही. काजूचा मोसम सुरू झालाय, पिकलं बोंडू डाव्या हातात द्या. मऊ असतं, रंगीत असतं, दाबलं की रस येतो. कपडे खराब होतील, होऊ द्या. बी मात्र आधी काढून टाका, कच्च्या बीच्या चिकाने त्वचा भाजते. दिवसातून दहा-दहा मिनिटं पाच-सहा वेळा, तो ताजातवाना असताना. रडवून नाही. आणि शिमगा आलाच आहे, तर एक छोटा ढोल आणा. मुलांना ढोल वाजवायला सांगावं लागत नाही.

चांगला हात थोडा वेळ मोज्यात ठेवून दुसऱ्याला संधी देण्याची पद्धत आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांच्या कामातून ती आली. अर्धांगाच्या २२२ रुग्णांवरच्या चाचणीत तिचा फायदा दिसला, निकाल २००६ मध्ये आले. लहान मुलांतही वापरतात, पण फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने ठरवून दिलेल्या वेळेपुरतीच. घरच्या घरी उजवा हात फडक्याने बांधून ठेवू नका. तोही वाढतोय.

टाचेबद्दल. हाड वाढतं, आखडलेला स्नायू त्या वेगाने लांब होत नाही, म्हणून टाच दर वर्षी आणखी उचलली जाते. तुम्हाला पायाचा स्प्लिंट सांगतील, त्याला एएफओ म्हणतात. पुढे कधी बोटॉक्सही, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सांगतील. त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि त्या काळात सराव केला तरच पैसे वसूल. वॉकरमध्ये बसवू नका. नजर तपासून घ्या. मधेच एकटक बघणं किंवा एका बाजूचे झटके दिसले तर मोबाईलवर चित्रण करा आणि तारखेची वाट न बघता दाखवा.

स्टेम सेल. होडी विकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून चाचणीच्या पातळीवर आहे. आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तीन लाख मागतायत यातच उत्तर आलं.

वेंगुर्ल्याच्या वहिनी, नारळ फुकट गेला नाही, पण कारण वेगळं आहे. ‘हात उचल’ हा हुकूम मेंदूच्या वरच्या सालीतून निघतो, तो रस्ता सासूबाईंचा तुटलाय. जांभई खालून, मेंदूच्या देठातून येते. ती जुनी वाट शाबूत आहे आणि वरचा लगाम सुटल्याने तिचा जोर हातापर्यंत पोचतो. असंच चेहऱ्याचंही असतं. ‘दात दाखवा’ म्हटलं की तोंड वाकडं होतं, आणि नातवाने गंमत केली की त्याच सासूबाई दोन्ही गालांनी हसतात. हसण्याचा रस्ता वेगळा आहे. जांभईने हात सुधारत नाही, पण घाबरण्यासारखंही काही नाही.

कागद_घेऊन_या

फक्त एवढंच. जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाचं, मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार सुरू करणारं केंद्र असतं. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, शून्य ते अठरा वयासाठी, तपासणी आणि थेरपी मोफत. अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या. निदान पक्कं झालं तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सीपी आहे. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ विम्याचा अर्ज, त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही. पेटीतल्या दिवसांची फाईल आणि ती टाळूची सोनोग्राफी जपून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत. पावसात आमच्या भाचीचे सगळे रिपोर्ट भिजून लगदा झाला होता.

बर्फाचा_टेम्पो (हर्णै)

उशिरा लिहितोय, माफ करा. शिमग्यात टेम्पोला उसंत नव्हती.

तारीख झाली. डॉक्टरांनी सीपीच म्हटलं, डाव्या बाजूचा. बायको शांत होती, मीच बाहेर येऊन टेम्पोत बसलो. काकांचं आणि ताईंचं सगळं तिने मोठ्याने आईला वाचून दाखवलं. हंड्याचा भाग दोनदा. आई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बोंडू सोलून बी काढून तीच देते.

बोंडवाचं सांगतो. पहिले चार दिवस नुसता चिखल. पाचव्या दिवशी डाव्या मुठीत बोंडू होतं आणि उजव्या हाताने त्याने ते तोडून खाल्लं. डावा हात बघतही नव्हता, पण धरून होता. सोडवायला मनगट वाकवून दहा मोजावे लागले. काका, तुमची युक्ती लागू पडते. आता तोच मोजतो, ‘दोन, दोन, दोन’.

पालखी घरी आली तेव्हा ढोल दिला. उजव्या हाताने टिपरी, डावीकडून मूठच आपटत होता. उघडी नाही, मूठ. पण आपटत होता, आणि उजवा थांबला की डावाही थांबायचा. वाडीतले म्हणाले तालात आहे. मला कारण माहीत होतं म्हणून मी गप्प.

आता एक अडचण. स्प्लिंट घातल्यावर डाव्या पायाला बूट एक नंबर मोठा लागतो, उजव्याला नेहमीचा. दापोलीत तीन दुकानं फिरलो, जोडी फोडून कोणी देत नाही. तुमच्यापैकी कोणी काय केलंय?

जुना_लाईनमन (दापोली तालुका)

दोन जोड घे, उरलेले बूट टाकू नकोस. स्प्लिंट उजव्या पायाला असलेलं दुसरं पोर ताईंच्या ओळखीत असेलच, त्यांना उलटे लागतील. आणि मे महिन्यात पोराला घेऊन ये, रातांबे मी ठेवतो. सदरा जुना घालून आण.